हात न लावलेलं म्हणजे अस्सल नव्हे

जुन्या गिटार ॲम्प्लिफायरच्या खरेदी-विक्रीत एक वाक्य हमखास कानावर येतं : "आत कुणी हात लावलेला नाही." विकणारा ते अभिमानाने सांगतो, घेणारा समाधानाने मान हलवतो आणि किंमत चढते. समजा, कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या कारखान्यातून साठेक वर्षांपूर्वी बाहेर पडलेला फेंडर डीलक्स रिव्हर्ब आहे. आतले कंडेन्सर तेव्हाचे, सोल्डर तेव्हाचं, भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायची दोन तारांची वायरसुद्धा तेव्हाचीच. हे ऐकून इतरांना होतो तो आनंद मला होत नाही. मला काळजी वाटते. आणि असा ॲम्प दुरुस्तीला आणून "आवाज सुधारा, पण मूळचं काही काढू नका" अशी अट घातली जाते, तेव्हा मला राग येतो.

ही अट घालणारी माणसं अजाण नसतात. बहुतेकांचं या यंत्रांवर प्रेम असतं, वाचनही दांडगं असतं. म्हणून त्यांचं म्हणणं त्यांच्याच ताकदीने मांडतो. जुन्या व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज त्याच्या जुन्या भागांत मुरलेला आहे, एकेक भाग बदलत गेलात की तो हातातून जातो आणि परत येत नाही. जे यंत्र साठ वर्षं चाललं ते उद्याही चालेल, चालत्याला छेडू नये. संग्राहकांच्या बाजारात मूळ सोल्डरला भाव आहे, नव्याला नाही. आणि सगळ्यांत वजनदार मुद्दा असा, की हा ॲम्प इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि दस्तऐवजात खाडाखोड करण्याचा अधिकार कुणालाच नाही.

ऐकायला सगळं भारदस्त आहे. चॅसिस बाहेर काढून मीटर लावला की यातलं काहीही उभं राहत नाही.

"साठ वर्षं चाललं" हे आधी घेऊ, कारण सगळ्यांत जास्त नुकसान याच समजुतीने केलं आहे. डीलक्स रिव्हर्बच्या चॅसिसवर पत्र्याचं एक झाकण असतं. त्याच्याखाली पाच इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, प्रत्येक १६ मायक्रोफॅरडचा, ४५० व्होल्टपर्यंतचा. रेक्टिफायर व्हॉल्व्हमधून निघालेली डीसी वीज खडबडीत असते. ती सपाट करायची, आणि गिटारवादकाने तारा जोरात छेडल्या की लागणारा विजेचा साठा पुरवायचा, हे काम त्या पाचांचं. त्यांतल्या पहिल्या काहींवर चारशेच्या वर व्होल्ट उभे असतात. म्हणजे नवे असतानाही त्यांच्याकडे फारशी सवड नव्हती.

अशा कंडेन्सरच्या आत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात, मध्ये रसायनात भिजवलेला कागद असतो आणि एका पट्टीवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. चारशे व्होल्ट अडवून धरतो तो हा थर, आणि तो टिकतो त्या ओल्या रसायनाच्या जिवावर. यंत्र वापरात असेल तर उष्णतेने रसायन हळूहळू वाळतं. यंत्र पडून असेल तर थर झिजतो. थर झिजला की गळती वाढते, गळतीने कंडेन्सर तापतो, तापला की उरलंसुरलं रसायन वाळतं. हे सगळं कुणाच्याही हाताशिवाय घडतं. व्हॉल्व्ह जळतो म्हणून बदलायचा असतो, तसाच हा भागही बदलण्यासाठीच बसवलेला आहे. मग एकाला खर्चाची वस्तू मानायचं आणि दुसऱ्याला पूजेची, हा न्याय कुठला?

शिवाय "चाललं" म्हणजे नक्की काय झालं? बहुतेक वेळा तो ॲम्प त्या साठांतली कित्येक वर्षं माळ्यावर किंवा गोदामात पडून असतो. आणि आज चालू केल्यावर त्यातून काय येतं? आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर १०० हर्ट्झची घुमणारी गुणगुण येते. जाड तारा लिबलिबीत वाजतात. वरच्या पट्टीत सूर ताणून धरला की त्याच्याखाली भलताच एक बेसूर सूर ऐकू येतो, कारण वीज सपाट झालेलीच नसते आणि तिची लाट वाजवलेल्या सुरात मिसळते. याला आवाजाचं जुनेपण म्हणणारे मला भेटले आहेत. तो आवाज जुना नाही, आजारी आहे.

यावर एक तोडगा सुचवला जातो. व्हेरिॲकने व्होल्टेज हळूहळू चढवत न्या, कंडेन्सर पुन्हा तयार होतात. अर्धं खरं आहे. ऑक्साइडचा थर काही प्रमाणात परत बसतो. पण वाळलेलं रसायन परत कुठून येणार? वर, व्हॉल्व्ह रेक्टिफायर असलेल्या यंत्रात ही हळुवार चढण बरीचशी मानण्यापुरतीच असते. त्या व्हॉल्व्हची तार पुरेशी तापेपर्यंत तो जवळजवळ काहीच पुढे सोडत नाही, आणि तापला की एकदम भरपूर सोडतो. व्हेरिॲक हे तपासणीचं चांगलं साधन आहे. मेलेल्या कंडेन्सरवरचा तो इलाज नव्हे.

आता जे मला सगळ्यांत आधी ओरडून सांगावंसं वाटतं ते सांगतो. या ॲम्पमध्ये खरोखर पुन्हा न मिळणारी वस्तू कोणती? ट्रान्सफॉर्मर. पॉवर ट्रान्सफॉर्मर आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. त्यांच्यावर छापलेला ६०६ हा आकडा शूमाकर या उत्पादकाचा, त्यापुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगणारे. त्या आठवड्यात गुंडाळलेली ती तांब्याची तार आणि तो लोखंडी गाभा परत कुणीही तुम्हाला देऊ शकत नाही. या ॲम्पच्या आवाजात ज्या गोष्टींचा वाटा मोठा आहे, त्यांत आउटपुट ट्रान्सफॉर्मर अगदी वरचा. आणि जुना कंडेन्सर शॉर्ट झाला की पहिला घाव बसतो तो रेक्टिफायरवर आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरवर.

त्याहून धोकादायक आहे तो बायसचा छोटासा कंडेन्सर. आउटपुटच्या दोन ६व्ही६ व्हॉल्व्हना ताब्यात ठेवणारा ऋण व्होल्टेज त्याच्यावर अवलंबून असतो. तो गेला की व्हॉल्व्हवरचा लगाम सुटतो, आतल्या प्लेट लालभडक होतात आणि तो सगळा प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून वाहतो. फ्यूज वेळेवर उडेलच याची खात्री नसते. म्हणजे काहीशे रुपयांचा, कुणालाही न दिसणारा, वाळलेला भाग जपण्यासाठी आपण त्या यंत्रातली एकमेव अनमोल वस्तू पणाला लावतो. अस्सलपणाची काळजी खरोखर कोण करतंय? कंडेन्सर बदला म्हणणारा, की बदलू नका म्हणणारा?

आता आवाज. जुने भाग म्हणजेच जुना आवाज, असं म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब केलेला नसतो. ज्या ध्वनिमुद्रिका ऐकून आपण सगळे या ॲम्पच्या प्रेमात पडलो त्या कधीच्या? १९६० च्या दशकातल्या. तेव्हा त्या ॲम्पचं वय काय होतं? वर्ष, दोन वर्षं, फार तर पाच. आत ताजे कंडेन्सर होते, रेझिस्टन्स आपापल्या नेमून दिलेल्या किमतीच्या आसपास होते, वीज घट्ट होती. ज्या आवाजाची आपण आठवण काढतो तो नव्या ॲम्पचा आवाज आहे. साठ वर्षं वाळलेल्या कंडेन्सरचा आवाज १९६५ मध्ये कुणी ऐकलेलाच नव्हता. मग जुना आवाज हवा असेल तर यंत्र तेव्हाच्या प्रकृतीला आणायला नको का?

दुसरं म्हणजे, "नेमका तोच भाग, नेमकी तीच किंमत" ही कल्पनाच त्या कारखान्याला लागू होत नाही. त्या काळच्या कार्बन रेझिस्टन्सवर चंदेरी पट्टा असे, म्हणजे दहा टक्के इकडेतिकडे चालेल. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये तर छापलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी वर जाण्याची मुभा होती. एकाच दिवशी, एकाच टेबलावर जोडलेले दोन डीलक्स रिव्हर्ब सारखे वाजत नव्हते. त्यांत सामाईक होती ती मांडणी : एबी७६३ हे सर्किट, तेच ट्रान्सफॉर्मर, तेच व्हॉल्व्ह. ती मांडणी नव्या कंडेन्सरनेही तीच राहते.

इथे एक मान्य करतो, कारण ते खरं आहे. सगळेच भाग इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरसारखे मरत नाहीत. व्हॉल्व्हच्या दोन टप्प्यांना जोडणारे ते निळे कपलिंग कंडेन्सर अनेकदा आजही उत्तम असतात. त्यांच्यातून डीसी गळते का, हे मीटर सांगतो. थोडेसे व्होल्टसुद्धा पुढच्या ग्रिडवर गळले तर आउटपुट व्हॉल्व्हचा सगळा तोल बिघडतो. गळत नसतील तर मी त्यांना स्पर्श करत नाही. कार्बन रेझिस्टन्स वयाबरोबर वर सरकतात. मर्यादेत असतील तर राहू द्यावेत, प्लेटवरचा एखादा फसफसत असेल तर तेवढा बदलावा. जे लोक जुन्या ॲम्पचं पोट साफ करून आत नवा सर्किट बोर्ड बसवतात, त्यांचं समर्थन मी करत नाही. पण त्यांचा बागुलबुवा दाखवून पाच मेलेले कंडेन्सर वाचवायला निघणं हा वाद नव्हे.

आणि "हात लावलेला नाही" म्हणजे तरी काय? माणसाने लावला नसेल, हवेने लावलेला आहे. फेंडरच्या त्या काळातल्या ॲम्पमध्ये सगळे भाग मेण दिलेल्या काळ्या फायबरच्या पट्टीवर बसवलेले असतात. ही पट्टी ओलावा शोषते. मुंबईत किंवा रत्नागिरीत काही पावसाळे काढलेल्या ॲम्पमध्ये मीटरचं एक टोक नुसत्या पट्टीवर, दोन छिद्रांच्या मधोमध टेकवून पाहा. जिथे काहीही असायला नको तिथे व्होल्ट दिसतात. खरखर, चटचट आवाज, कारण नसताना हलणारे बायस, यांतलं बरंच काही तिथून येतं. तो ॲम्प १९६४ मध्ये गोठून राहिलेला नाही. तो रोज बदलतो आहे, फक्त कुणी बघत नाही.

पण हे सगळं एका बाजूला ठेवतो, कारण दोन तारांची मूळची वायर जपा असं जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा वाद आवाजाचा राहत नाही, जिवाचा होतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट ॲम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात. म्हणजे वादकाचे हात पूर्ण वेळ चॅसिसवरच असतात. आणि त्या काळच्या ॲम्पमध्ये चॅसिस आणि विजेच्या एका तारेच्या मध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर असतो, गुणगुण कमी करण्यासाठी बसवलेला. अमेरिकेतले दुरुस्ती करणारे त्याला सरळ "डेथ कॅप" म्हणतात. अर्थिंग नाही. तो कंडेन्सर धड आहे तोवर झिणझिण्या, तो शॉर्ट झाला की पूर्ण वीज वादकाच्या बोटांत. फ्यूज उडत नाही, कारण माणसाला मारायला लागणारा प्रवाह फ्यूज उडवायला लागणाऱ्या प्रवाहापेक्षा फार कमी असतो.

आपल्याकडे हा धोका आणखी वाढतो आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अमेरिकेतून आणलेला ११७ व्होल्टचा ॲम्प इथे स्टेप-डाउनवर चालवतात. बाजारातले स्वस्तातले बरेच स्टेप-डाउन एकाच गुंडाळीचे, म्हणजे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते व्होल्टेज कमी करतात, पण ॲम्पला घरच्या विजेपासून वेगळं करत नाहीत. स्टेप-डाउनचा दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सामाईक तार फेजला जाते. मग ॲम्पला दोन तारांमध्ये ११५ व्होल्टच मिळतात, पण त्यांतली एक तार जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर असते. तो कंडेन्सर कोणत्या तारेला जोडायचा हे ठरवणारा ॲम्पच्या मागचा ग्राउंड स्विच त्या बाजूला असेल तर तो कंडेन्सर आता २३० व्होल्टवर लटकतो आणि चॅसिसवर तीन मिलिॲम्पिअरहून जास्त प्रवाह सोडू शकतो, तोही कंडेन्सर नवा आणि निर्दोष असताना. ओठ अर्थिंग असलेल्या मायक्रोफोनला लागले की वाट पूर्ण होते. वर ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालतो तेव्हा गाभ्यातला चुंबकीय भार वीस टक्क्यांनी वाढतो आणि तो जास्त तापतो. म्हणजे ज्या ट्रान्सफॉर्मरला जपायचं, तो आधीच ताणाखाली आहे.

मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरात "स्टोन द क्रोज" या बँडचा गिटारवादक लेस हार्वी रंगमंचावर मायक्रोफोनला हात लावताच विजेच्या धक्क्याने गेला. मे १९७६ मध्ये "यार्डबर्ड्स"चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरात गिटार वाजवताना गेला, अर्थिंग धड नव्हतं. ॲम्प कोणत्या कंपनीचा होता हा प्रश्न इथे गैरलागू आहे. अर्थिंग नसलं तर काय होतं, एवढंच या दोन मृत्यूंतून पाहायचं आहे. तीन तारांची वायर बसवायची, अर्थिंगची तार चॅसिसला स्वतंत्र बोल्टने घट्ट आवळायची, तो कंडेन्सर काढायचा, फ्यूज आणि स्विच फेजवर घ्यायचे, आणि दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा, अर्थिंग पुढे नेणारा ट्रान्सफॉर्मर वापरायचा. यात आवाजाचा एक कणही बदलत नाही. मग विरोध कशाला? एका रबरी वायरीच्या अस्सलपणासाठी माणूस गमावायची तयारी आहे का?

बाजारभावाबद्दल थोडक्यात. भाव हा समजुतीवर चालतो आणि समजूत बदलता येते. स्ट्राडिव्हारीच्या जवळजवळ सगळ्या व्हायोलिनच्या माना एकोणिसाव्या शतकात बदलल्या किंवा लांबवल्या गेल्या, आतले बास बार बदलले गेले. त्यांचा भाव पडला का? काढलेले भाग पिशवीत घालून, काय बदललं आणि कधी हे लिहून ॲम्पबरोबर ठेवलं, की घेणाऱ्याला लपवलेलं काही उरत नाही. उद्या कुणाला संग्रहालयाच्या काचेत ठेवायचा असेल तर जुने कंडेन्सर परत लावता येतात. जळलेला ट्रान्सफॉर्मर परत लावता येत नाही.

राहिला इतिहास. हा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून त्याचा गैरवापर सर्वांत जास्त बोचतो. लिओ फेंडर कोण होता? रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९३८ मध्ये त्याने फुलरटनमध्ये "फेंडर रेडिओ सर्व्हिस" नावाचं दुकान थाटलं. लोकांची बिघडलेली यंत्रं उघडत उघडत तो ॲम्प बनवायला लागला, आणि त्याच्या ॲम्पमध्ये ते दिसतं. मागची पाटी स्क्रूंवर. भाग एका पट्टीवर ओळीने, हात पोचेल असे. स्पीकर काढता-घालता यावा म्हणून प्लगवर. कोणता व्हॉल्व्ह कुठे, याचा कागद खोक्याच्या आत चिकटवलेला, त्यावर वर्ष आणि महिना सांगणारी दोन अक्षरं. आणि ते पाच कंडेन्सर? स्क्रूंच्या झाकणाखाली एकत्र, सहज बदलता यावेत असे. या यंत्राला दस्तऐवज म्हणायचं असेल तर तो नीट वाचायला हवा. त्यात पानोपानी लिहिलं आहे : उघडा आणि दुरुस्त करा.

लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात १९६२ मध्ये जेटीएम४५ तयार झाला तो कसा? फेंडरच्या बासमन ॲम्पचं सर्किट अभ्यासून. केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी त्याच मांडणीवर, इंग्लंडमध्ये मिळणारे भाग वापरून, नवा ॲम्प उभा केला आणि रॉक संगीताचा आवाज बदलला. तेव्हा बासमनही कुणी "हात लावू नका" म्हणून मखरात बसवला असता तर? या ॲम्पचा इतिहास हा उघडलेल्या ॲम्पचाच इतिहास आहे.

आपल्याला तर हे कुणी शिकवायची गरजच नसावी. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी वाजवून वाजवून बसते, मग कारागीर घोडी पुन्हा घासून ती उघडून देतो, आणि तंबोऱ्याच्या आयुष्यात हे कितीदा तरी होतं. आजोबांच्या तंबोऱ्याची जवारी काढून घेतली म्हणून तो अस्सल राहिला नाही, असं कुठल्या घराण्यातला गवई म्हणेल? उलट, जवारी न काढता कुणी तंबोरा मैफलीला आणला तर त्याला तिथेच सुनावतील. वाद्याला लागणारी देखभाल वाद्याचा भाग आहे, हे आपल्या कानांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. डीलक्स रिव्हर्ब हे वाद्यच आहे. त्याच्या वाट्याला मात्र आपण एकाएकी संग्रहालयाचे नियम आणतो, आणि तेही धड पाळत नाही, कारण त्याच ॲम्पमध्ये संध्याकाळी गिटार खोचून वाजवणार असतो.

तेव्हा माझी भूमिका पुन्हा, कुठलीही सवलत न ठेवता. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सगळे बदला, बायसचा आधी. वायर तीन तारांची करा, तो जीवघेणा कंडेन्सर काढा. कपलिंग कंडेन्सर आणि रेझिस्टन्स मोजा, दोषी असतील तेवढेच बदला. ट्रान्सफॉर्मर, स्पीकर, कापडी जाळी, खोकं, कागदावरची दोन अक्षरं जिवापाड जपा. चॅसिस बंद करून ॲम्प रोज वाजवा. आणि इथून पुढे कुणी "आत कुणी हात लावलेला नाही" असं सांगून भाव वाढवू लागला, तर त्या भावातून देखभालीचा सगळा खर्च वजा करा, पडून राहिलेल्या वर्षांत ट्रान्सफॉर्मरने सोसलेल्या जोखमीचेही पैसे वजा करा, आणि पैसे मोजण्याआधी मागची पाटी त्याच्यासमोर उघडायला लावा.